तोळाभर सोन्यात तीन गुंठे: नॅनोची भानगड नक्की काय आहे

कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे आमच्या सराफ पेठेत, सकाळी लवकर गेलात, म्हणजे दुकानांची शटर वर जायच्याही आधी, तर एखाददुसरा झारेकरी अजून बघायला मिळतो. हातात ब्रश, पत्र्याची सुपली, आणि दुकानाच्या पायऱ्या, गटारीची कड, कारागिरांच्या खोलीबाहेरची धूळ सगळं निवांत गोळा करत असतो, मग ती धूळ पाण्यात धुतो, आटवतो आणि त्यातनं सोनं काढतो. कानस मारताना, पॉलिश करताना उडालेलं सोनं. आपल्याला दिसत नाही पण असतंय, नाहीतर कोण कशाला गटार झाडत बसेल.

आमच्या घरात सोनारकी तीन पिढ्यांची, मी एकटाच काय तो फिजिक्सकडं पळालो. लहानपणी त्या झारेकऱ्याला बघून मी आबांना विचारलं होतं की सोनं किती बारीक केलं की ते सोनं राहत नाही? आबा कामातनं मान वर न करता म्हणाले, "सोनं ते सोनंच. कितीबी बारीक कर."

आबा निम्मे बरोबर होते. उरलेल्या निम्म्यावर जगात हजारो लोक लॅबमध्ये डोकं खपवतायत आणि त्यालाच नॅनो म्हणतात.

आधी माप समजून घेऊया. एका मीटरचे शंभर कोटी तुकडे केले की त्यातला एक तुकडा म्हणजे नॅनोमीटर. हे ऐकून काहीच कळत नाही, मलाही कळत नाही, म्हणून असं बघा: तुमच्या बोटाचं नख दर सेकंदाला साधारण एक नॅनोमीटर वाढतंय. आत्ता हे वाचता वाचता वाढलं. केस साधारण ८० हजार नॅनोमीटर जाड असतो, आणि सोन्याचे तीन-चार अणू ओळीनं ठेवले की एक नॅनोमीटर भरतो. झारेकऱ्याच्या सुपलीतला कण कितीही बारीक वाटला तरी तो हजारो नॅनोमीटरचा असतो, म्हणजे नॅनोच्या हिशेबात हत्तीच. नॅनो म्हणताना साधारण १ ते १०० नॅनोमीटरमधल्या गोष्टी धरतात, आणि गंमत अशी की एवढ्या छोट्या मापात वस्तूचा स्वभावच बदलायला लागतो. रंग बदलतो, वितळायची डिग्री बदलते, जे कशाशीच बोलत नव्हतं ते सगळ्यांशी बोलायला लागतं. पदार्थ तोच, अणू तेच, फक्त आकार छोटा. ही एकच गोष्ट डोक्यात ठेवली की पुढचं सगळं तिच्यातनंच निघतं.

पहिलं कारण म्हणजे पृष्ठभाग. गुळाचा रवा, म्हणजे ढेप, आख्खा पाण्यात टाका, तासभर बसा त्याच्याकडं बघत. तोच फोडून टाका, लवकर विरघळेल, किसून टाका तर चमचा फिरवेपर्यंत संपला. गूळ तेवढाच आहे, पण पाण्याला हात लावायला जागा जास्त मिळाली. आता हाच हिशेब सोन्याला लावूया, मी एकदा गुजरीत बसून पावतीच्या पाठीमागं केला होता. तोळा म्हणजे १० ग्रॅम, त्याचा चौकोनी ठोकळा केला तर बाजू भरते साधारण ८ मिलिमीटर, आणि सहाही बाजू मिळून पृष्ठभाग होतो जेमतेम ४ चौरस सेंटिमीटर, एखादं पोस्टाचं तिकीट झाकलं जाईल एवढा. त्याच तोळ्याचे १० नॅनोमीटरचे गोळे करा, आणि सगळ्यांचा पृष्ठभाग बेरीज करा, उत्तर येतं ३०० चौरस मीटरच्या वर. म्हणजे तीन गुंठे! वजन तेच, एक गुंजभरही वाढलं नाही. आबांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, "मग सातबारा कुणाच्या नावावर?"

चेष्टा सोडा, पण ह्या तीन गुंठ्यांचा उपयोग काय? तर पृष्ठभागावरचा अणू आणि आतला अणू ह्यांची परिस्थिती सारखी नसते. सोन्याच्या आत असलेल्या प्रत्येक अणूला १२ शेजारी असतात, सगळ्या बाजूंनी धरून ठेवलेला, नवरात्रात अंबाबाईच्या रांगेत मधोमध अडकलेल्या माणसासारखा, त्याला हलायचं म्हटलं तरी हलता येत नाही. पृष्ठभागावरच्याला आठ किंवा नऊच शेजारी, एक बाजू मोकळी, तो रांगेच्या कडेचा माणूस, कधी सटकेल किंवा बाहेरच्या कुणाशी गप्पा मारत बसेल सांगता येत नाही. तोळ्याच्या ठोकळ्यात असे कडेचे अणू पन्नास लाखांत एखादा, त्यामुळं त्यांचं कोण ऐकतंय. १० नॅनोमीटरच्या कणात ते साधारण १५ टक्के होतात. आणि ३ नॅनोमीटरच्या कणात जवळजवळ निम्मे. आता बहुमत जवळ आलं म्हटल्यावर कायदे बदलणारच.

पहिला बदलतो तो वितळायचा कायदा. शुद्ध सोनं १०६४ डिग्री सेल्सिअसला वितळतं, हे गुजरीतल्या पोरांना आकडा माहीत नसला तरी मुशीचा रंग बघून माहीत असतंय. पण दोन-तीन नॅनोमीटरचे कण शेकडो डिग्री आधीच ढिले पडतात, कारण निम्मे अणू आधीच अर्धवट सुटे आहेत. चांदीचंही तसंच. चांदी ९६१ डिग्रीला वितळते, पण चांदीच्या नॅनोकणांची शाई करून प्लास्टिकच्या पातळ फिल्मवर रेघ ओढली आणि १५०-२०० डिग्रीला भाजली तर कण एकमेकांना चिकटून सलग रेघ होते, तिच्यातनं करंट जातो. पूर्ण वितळावंही लागत नाही. अशा शाईनं सर्किट चक्क छापता येतात, लग्नपत्रिका छापल्यासारखी. हुपरीत जी चांदी पैंजण होते, तीच इथं वायर होते, आणि खालचं प्लास्टिक जळतही नाही.

दुसरं म्हणजे सोन्याचा मोठेपणा जातो. सोनं गंजत नाही, कशाशी सहसा रिॲक्शन करत नाही, म्हणून तर आजीची ठुशी नातीला घालता येते. रसायनशास्त्रवाले कितीतरी वर्षं सोन्याला आळशी धातू समजत होते, उत्प्रेरक म्हणून, म्हणजे स्वतः न संपता दुसऱ्यांची रिॲक्शन घडवून आणायला, काही कामाचा नाही असं. १९८० च्या दशकात जपानमध्ये मासाताके हारुता यांनी दाखवलं की पाच नॅनोमीटरच्या आतबाहेरचे सोन्याचे कण योग्य ऑक्साईडवर बसवले की ते विषारी कार्बन मोनॉक्साईडचं कार्बन डायऑक्साईड करतात, आणि तेही शून्य डिग्रीच्या खाली. म्हणजे घरात कुणाशी न बोलणारा माणूस बर्फात बसून गप्पा मारायला लागला. अशी उलथापालथ मला कुठल्याही नव्या गॅजेटपेक्षा जास्त आवडते.

आता रंग. हा माझा सगळ्यात लाडका भाग आहे त्यामुळं इथं जरा रेंगाळणार.

मायकेल फॅरडे, तेच ते विजेचे, त्यांनी १८५७ मध्ये सोन्याच्या द्रावणातनं सोन्याचे इतके बारीक कण तयार केले की ते पाण्यात तरंगतच राहिले, आणि ते पाणी लालभडक दिसत होतं, माणकासारखं. फॅरडेंनी बरोब्बर ओळखलं की हा सोन्याचाच रंग आहे, फक्त कण फार बारीक आहेत. बघायला मायक्रोस्कोप नव्हता, कारण ते कण प्रकाशाच्या लहरीपेक्षाच छोटे. त्यातल्या काही बाटल्या लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये अजून ठेवल्यायत आणि अजून लाल आहेत. त्याच्याही आधी, चौथ्या शतकातला एक रोमन काचेचा पेला ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, बाहेरनं उजेड पडला तर हिरवा दिसतो आणि आत दिवा ठेवला तर लाल. काचेत सोन्या-चांदीचे नॅनोकण. बनवणाऱ्याला नॅनो शब्द काय, अणूसुद्धा माहीत नसणार, पण कारागीर होता पक्का.

लाल का? सोन्यात काही इलेक्ट्रॉन मोकळे असतात, कुठल्या एका अणूचे नसतात, गावचे असतात. अर्धी भरलेली बादली घेऊन जिना चढताना एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल, पाण्याला स्वतःची एक हेलकाव्याची लय असते, आणि तुमच्या पावलांची लय तिच्याशी जुळली की पाणी उसळून पायावर येतं, नाही जुळली तर काही होत नाही. सोन्याच्या छोट्या कणातले मोकळे इलेक्ट्रॉन म्हणजे ते पाणी, आणि प्रकाश म्हणजे तुमचं चालणं. १०-२० नॅनोमीटरच्या सोन्याच्या कणात ही लय हिरव्या प्रकाशाशी जुळते, साधारण ५२० नॅनोमीटर लांबीच्या लहरीशी. मग कण हिरवा प्रकाश गिळून टाकतो, उरलेला पलीकडं जातो, आणि आपल्याला दिसतं लाल. कण मोठे झाले किंवा एकमेकांना चिकटले की लय बदलते आणि तेच पाणी जांभळं, निळसर व्हायला लागतं. ह्याचं पूर्ण गणित गुस्टाव्ह मी यांनी १९०८ मध्ये मांडलं. (आणि ठोकळ्यातलं सोनं पिवळं का, ती तर अजून भारी गोष्ट आहे: सोन्याचा अणू एवढा जड की त्याच्या गाभ्याजवळचे इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या निम्म्याहून जास्त वेगानं फिरतात आणि आईन्स्टाईनच्या सापेक्षतेमुळं सोनं निळा प्रकाश गिळतं. सापेक्षता नसती तर सोनं चांदीसारखं पांढरं दिसलं असतं. गुजरीचं काय झालं असतं?)

ही लाल रेघ तुम्ही बघितलेली आहे. कोरोनाच्या वेळी नाकात काडी घालून घरच्या घरी टेस्ट केली, किंवा मेडिकलमधून प्रेग्नन्सी किट आणलं, त्यातल्या बऱ्याच किटमध्ये उमटणारी लालसर रेघ म्हणजे सोन्याचे नॅनोकण असतात. प्रत्येक कणावर एक प्रोटीन चिकटवलेलं असतं जे फक्त ठरावीक गोष्टीलाच धरतं. कण पट्टीवरून वाहत जातात, पसरलेले असतात तोवर फारसे दिसत नाहीत, आणि पाहिजे ती गोष्ट सापडली की रेघेपाशी गोळा होतात, गर्दी झाली की रंग दिसतो. बॅटरी नाही, मशीन नाही.

इथं एक घोळ बरेच जण करतात, तो सांगून टाकतो. नॅनोकणांचा रंग म्हटलं की लोक सगळं एकाच पोत्यात भरतात, पण क्वांटम डॉटचा, म्हणजे टीव्हीच्या पडद्यात रंगासाठी वापरतात त्या नॅनोकणांचा, रंग वेगळ्या कारणानं येतो. तिथं धातू नाही, अर्धवाहक असतो, कॅडमियम सेलेनाइडसारखा, आणि तिथली गोष्ट हेलकाव्याची नाही, अडचणीच्या जागेची आहे. कुस्तीच्या मैदानात हलगी-घुमकं ऐकलंय ना? हलगीचा आवाज चढा, कानाला टोचणारा, घुमक्याचा खालचा, पोटात वाजणारा. इलेक्ट्रॉन हीसुद्धा एक लहरच आहे, आणि त्याला दोन-चार नॅनोमीटरच्या खोलीत कोंडला की खोली जेवढी छोटी तेवढा त्याचा सूर चढा. चढा सूर म्हणजे जास्त ऊर्जा, म्हणजे निळा प्रकाश. खोली मोठी केली तर सूर उतरतो, हिरवा, मग लाल. साधारण २ नॅनोमीटरचा डॉट निळा, ६ च्या आसपासचा लाल, आणि दोन्हींत पदार्थ अगदी एकच. रंगासाठी वेगळं रसायन शोधायची गरजच नाही, फक्त आकार नीट सांभाळा. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अलेक्सी एकिमोव्ह यांनी रंगीत काचेत आणि लुई ब्रुस यांनी द्रवात हा प्रकार दाखवला, १९९३ मध्ये मुंगी बावेंडी यांनी एकसारख्या आकाराचे डॉट बनवायची पद्धत काढली, आणि २०२३ चं केमिस्ट्रीचं नोबेल तिघांत वाटलं गेलं.

चिकटण्याबद्दल थोडक्यात. वस्तू छोटी झाली की वजन भराभर उतरतं पण चिकटायची ओढ त्या मानानं तेवढी उतरत नाही, म्हणून पीठ भिंतीला चिकटतं आणि गहू चिकटत नाही. ट्यूबलाइटजवळची पाल ह्याच जोरावर उलटी लटकते, तिच्या पायाला गोंद नाही, लाखो केस आहेत आणि केसांची टोकं फुटून साधारण २०० नॅनोमीटरच्या चपट्या टाचा झालेल्या, प्रत्येकीची ओढ नगण्य पण सगळ्या मिळून पाल उचलतात. अळूच्या पानावर पाणी टिकत नाही त्यातही अशीच बारीक खडबड आणि मेणाची करामत.

मोबाइलच्या चिपमध्ये मात्र नॅनो ही डोकेदुखी आहे. इलेक्ट्रॉन लहर असल्यामुळं भिंत फार पातळ झाली की तो पलीकडं सापडायला लागतो, दार न उघडता, ह्याला टनेलिंग म्हणतात. ट्रान्झिस्टरमधला, म्हणजे चिपमधल्या बारीक स्विचमधला, करंट अडवणारा इन्सुलेटरचा थर एकेकाळी १.२ नॅनोमीटरपर्यंत आला होता, म्हणजे मोजके अणू, आणि करंट गळायला लागला, फोन नुसताच तापणार. मग २००७ च्या सुमाराला हाफ्नियमचं ऑक्साईड आणलं, त्याचा थर जाड ठेवला तरी काम तेवढंच होतं. आणि हो, जाहिरातीत '३ नॅनोमीटर चिप' वाचलं तर त्यात खरोखर ३ नॅनोमीटरचं काही असेलच असं नाही, ते आता पिढीचं नाव झालंय. ह्याच गळतीचा उपयोग करून १९८१ मध्ये बिनिग आणि रोरर यांनी असा मायक्रोस्कोप केला की सुईचं टोक ०.१ नॅनोमीटर जवळ-लांब झालं की करंट दहापट बदलतो, त्यावरून एकेक अणू चाचपता येतो. पाच वर्षांत नोबेल मिळालं.

आता जरा आपल्या शेताकडं. आपल्याकडं ऊस आणि युरिया हा विषय निघाला की मामा लोकांचा आवाज चढतो. २०२१ मध्ये नॅनो युरियाची अर्ध्या लिटरची बाटली आली, आणि दावा असा की एक बाटली म्हणजे ४५ किलोचं एक पोतं. माझ्या मामांनी मला फोन करून विचारलं, "तुझं नॅनो आलंय की रे रानात, आणू का?" मी म्हटलं आधी हिशेब करू. पोत्यात ४६ टक्के नायट्रोजन, म्हणजे २० किलोच्या वर. त्या पहिल्या बाटलीत ४ टक्के, म्हणजे २० ग्रॅम. हजारपट फरक. आता रानात टाकलेल्या युरियातला निम्म्याहून जास्त नायट्रोजन वाया जातो हे खरंय, उडून जातो, पाण्याबरोबर पंचगंगेत जातो, आणि पानावर फवारलेला जास्त लागू पडत असेल हेही मान्य. पण पोत्यातला तीस टक्केच पिकाला मिळाला असं धरलं तरी ते सहा किलो, आणि बाटलीतला शंभर टक्के मिळाला तरी वीस ग्रॅम. नॅनो केल्यानं वस्तूचा स्वभाव बदलतो, अणूंची संख्या वाढत नाही. तोळ्याचे तीन गुंठे होतात, दोन तोळे होत नाहीत. मामांनी एका सरीवर फवारून बघायचं ठरवलं, पोतं बंद न करता. मला तेच शहाणपणाचं वाटलं.

बाकी 'नॅनो' लिहिलेलं दिसलं की दोन प्रश्न विचारायचे, कण कशाचा आणि काम झाल्यावर जातो कुठं. मोज्यांना वास येऊ नये म्हणून चांदीचे नॅनोकण लावतात, चांदी जंतू मारते हे खरं, पण मोजे धुतल्यावर तीच चांदी गटारात जाते आणि तिथल्या कामाच्या जंतूंनाही मारू शकते. फायझर-मॉडर्नाच्या लशीत मात्र चरबीचे साधारण १०० नॅनोमीटरचे गोळे होते, नाजूक एमआरएनए, म्हणजे लशीचा निरोप असलेला रेणू, पेशीपर्यंत नेऊन देणारे, काम झालं की शरीर ते मोडून टाकतं. दोन्हींवर शब्द एकच छापलेला. आपल्या शिवाजी विद्यापीठात नॅनोसायन्सचं वेगळं डिपार्टमेंट आहे, कुणाच्या घरी बारावीचं पोरगं असेल आणि हे वाचून डोळे चमकले असतील तर एकदा तिकडं फिरवून आणा.

शेवटी आबांचं राहिलं. एमएस्सीला असताना आम्ही लॅबमध्ये सोन्याचे नॅनोकण केले होते, ही पद्धत १९५१ ची, टर्केविच यांची. सोन्याच्या क्षाराचं फिकट पिवळं पाणी उकळायचं, त्यात सायट्रेट टाकायचं, पाणी आधी रंग सोडतं, मग काळसर निळं होतं आणि बघता बघता रेड वाइनसारखं लाल. मी सरांना विचारून १०० मिलिलिटरची बाटली घरी आणली आणि गुजरीत आबांच्या समोर ठेवली.

"ह्यात सोनं हाय?"

"आहे. पाच मिलिग्रॅम."

त्यांनी बाटली उजेडात धरली, हलवली, वास घेतला. सोनाराला पाच मिलिग्रॅम म्हणजे काय ते बरोबर कळतं. "आणि पिवळं का न्हाई?" मी बादलीचं, हिरव्या प्रकाशाचं सगळं सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं. मग मी चमचाभर मीठ टाकलं, कारण मिठानं कणांमधलं एकमेकांना लांब ठेवणारं विजेचं ढकलणं झाकलं जातं आणि कण चिकटायला लागतात. लाल पाणी डोळ्यांदेखत जांभळं झालं, निळं झालं. दुसऱ्या दिवशी तळाशी काळपट गाळ आणि वर नितळ पाणी.

आबांनी काही न बोलता वरचं पाणी ओतून टाकलं, गाळ धुऊन कोळशावर वाळवला, वर टाकणखाराची चिमूट टाकली आणि बत्तीची जाळ फुंकणीनं त्यावर आणली. मिनिटभरानं चिमट्यात धरून माझ्या तळहातावर ठेवलं. मोहरीपेक्षा बारीक मणी. पिवळाजर्द.

"बघ," म्हणाले, "झारेकऱ्यानं काय वेगळं केलं असतं?"